सडावाचून राहिलेले पिल्लू

भूमातेला उचलून धरणाऱ्या श्रीवराहाचे स्मरण करून, आज प्रभाती शेजारच्या गंगूबाईंच्या गोठ्यात पाहिलेले लिहितो.

व्यालेल्या डुकरिणीचे प्रत्येक पिल्लू आपल्या ठरलेल्या सडाला लागले होते. मागचे सड कोरडे असल्याने एक दुबळे पिल्लू मात्र उपाशी राहिले होते. गंगूबाईंनी नुकत्याच व्यालेल्या दुसऱ्या डुकरिणीखालच्या पेंढ्याने त्याला चोळले आणि तिच्यापाशी सोडले. परका वास येता तर ती चावली असती. तिने हुंगले, आणि शांतपणे पाजू लागली.

"गुरुजी, तुम्हालाही असंच चोळून कुणाच्या तरी पंगतीत बसवायला हवं!" गंगूबाई म्हणाल्या.

मी हसलो. पत्नी गेल्यापासून एकट्यापुरतेच शिजवतो. आज घरी येऊन चूल पेटवावीशी वाटली नाही.

वाचकहो, तुमच्या घरी मागाहून आलेल्यालाही पान वाढले जावो. श्रीहरी सर्वांचे कल्याण करो.