सासूबाईंचा व्हिसा

नॉटिंगहॅमच्या आमच्या शेजारच्या डॉक्टरांइतका मनापासून रागावणारा माणूस अख्ख्या इंग्लंडात दुसरा नसेल. ते भूलतज्ज्ञ. दिवसभर हॉस्पिटलात लोकांना शांत झोपवायचं आणि संध्याकाळी घरी येऊन संतापायचं, असा त्यांचा दिनक्रम. बस उशिरा आली की ते चिडत, आणि वेळेआधी निघून गेली की त्याहून जास्त. कौन्सिलने कचऱ्याचे डबे उचलायचा वार बदलला तेव्हा ते थेट कचेरीत गेले आणि तिथल्या बाईंना म्हणाले, "मंगळवारशी माझं काही भांडण नाही. तो मला न विचारता का आणलात, एवढंच सांगा." टीव्हीवर हवामान सांगणाऱ्याशी ते असे तावातावाने बोलत की भिंतीपलीकडून मला वाटे, त्यांच्याकडे पाहुणे आले आहेत. राग ओसरला की मात्र स्वतः थापलेलं थालीपीठ घेऊन माझ्या दारात उभे.

मग त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, दिवस गेले, आणि डॉक्टरांच्या रागाला पहिल्यांदाच खरं कारण मिळालं. वहिनी एकुलत्या एक. वडील केव्हाच गेलेले, आई सांगलीला एकट्या राहायच्या. बाळंतपणाला त्यांनी यावं म्हणून व्हिसाचा अर्ज केला, तो नाकारला गेला. कारण काय, तर अर्जदार विधवा आहेत, एकुलती मुलगी इंग्लंडमध्ये आहे, तेव्हा त्या भारतात परत जातील याची खात्री वाटत नाही. डॉक्टर तो कागद घेऊन माझ्याकडे आले. आवाज चढलेला नव्हता, त्याचीच मला धास्ती वाटली.

"नवरा गेला हा बाईंचा पहिला गुन्हा," ते म्हणाले. "मुलगी परदेशी दिली हा दुसरा. वाच तू."

त्यांनी अपील केलं. पण अपिलाला तारीख मिळायच्या आतच मुलगी झाली. डॉक्टरांनी सांगलीला फोन लावला, रिसीव्हर मानेत धरला आणि सासूबाई सांगतील तसे डिंकाचे लाडू वळले. मी एक खाल्ला आणि आठवडाभर उजव्या बाजूने चावलं नाही. वहिनी ते दुधात भिजवून खात आणि छान झालेत म्हणत. एकदा खाता खाता त्या रडायला लागल्या, तेव्हा डॉक्टर ताट तसंच ठेवून बाहेर निघून गेले.

सुनावणी बर्मिंगहॅमला होती. मी सोबत गेलो. सरकारच्या बाजूने एक तरुण माणूस होता. त्याने विचारलं, "तुमच्या सासूबाई परत कशासाठी जातील?"

"पाण्याच्या टाकीसाठी," डॉक्टर म्हणाले. "सोसायटीतल्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांशी त्यांचं टाकीवरून भांडण चालू आहे. ते अर्धवट टाकून त्या कुठेही राहणार नाहीत."

न्यायाधीशबाईंनी मान वर केली. तो तरुण म्हणाला, "पण इथलं आयुष्य त्यांना जास्त सुखाचं वाटू शकेल."

"असं तुम्हाला कुणी सांगितलं? मी इथे राहतो."

मागे बसून मी कपाळाला हात लावला. न्यायाधीशबाईंनी मात्र शांतपणे विचारलं, "डॉक्टर, बाळ तर झालं. आता त्यांनी यायची काय गरज आहे?"

डॉक्टरांनी हातातला कागद घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "माझी बायको बाळंतीण झाली तेव्हा तिच्या केसांवरून हात फिरवायला घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मला ते नीट जमत नाही. मला फक्त भूल देता येते."

काही आठवड्यांनी निकाल आला. अपील मान्य झालं होतं. तरी प्रत्यक्ष व्हिसा हातात पडून सासूबाई येईपर्यंत नात रांगायला लागली होती. हीथ्रोवर त्यांनी हात पुढे केले, तशी पोरगी किंचाळून आईच्या गळ्याला बिलगली. वहिनींचा चेहरा कसनुसा झाला.

"रडू दे गं," सासूबाई म्हणाल्या. "ती मला ओळखणार कुठून?"

डॉक्टरांनी त्यांची बॅग उचलली आणि ते आमच्या पुढे चालू लागले.

सासूबाई पाच आठवडे राहिल्या. जायच्या सुमारास नात त्यांच्या मांडीवरून उतरत नव्हती. व्हिसा सहा महिन्यांचा होता, तरी टाकीच्या मीटिंगला पोचायचं म्हणून त्या ठरल्या दिवशी निघाल्या. त्यांना हीथ्रोवर सोडून मी आणि डॉक्टर परतलो, गाडी मी चालवत होतो. मोटरवेवर तुडुंब गर्दी होती, एक ट्रक आम्हाला चाटूनच गेला, पण डॉक्टर कुणालाही काही बोलले नाहीत. नॉटिंगहॅम येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मला ते काही बरं वाटलं नाही.