वर्गमुळाचा पत्ता

“नाई म्हणाची एवढी घाई काऊन?” ब्रह्मपुरीच्या आमच्या शाळेतले गणिताचे मास्तर हे कुणालाही ऐकवत. रजा नाकारणाऱ्या हेडमास्तरांना, वांगी संपली म्हणणाऱ्या भाजीवालीलाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण यांना ‘नाही’ खरोखरच सोसत नसे.

आणि नेमकं तेच त्यांना फळ्यावर लिहावं लागे. क्ष² − ८क्ष + २० = ० सोडवताना वर्गमुळाच्या चिन्हाखाली उणे सोळा येत. कुठल्याही संख्येचा वर्ग उणे होत नाही, म्हणून ‘उत्तर नाही’ लिहायचं आणि पुढचं उदाहरण घ्यायचं. मग एका जुन्या पुस्तकात त्यांनी वाचलं, की अशा समीकरणांनाही मुळं असतात, काल्पनिक. झालं, मास्तरांची झोप उडाली. निवृत्ती उन्हाळ्यावर आलेली. इतकी वर्षं आपण पोरांना खोटं सांगितलं की काय? आणि ही मुळं असतात तरी कुठं? एवढं त्यांना शाळा सोडण्याआधी कळायला हवं होतं.

मी मराठी शिकवत असे, तरी मलाही त्यांनी विचारलंच. मुळं जमिनीखालीच असायची, दिसणार कशी, असं मी थट्टेनं म्हटलं. बिचारे त्यावरही विचार करत बसले. मला फार आवडत ते.

शेवटी त्यांनी वर्गालाच गाठलं. फळ्यावर आडवी रेघ काढली. मधे शून्य, उजवीकडे अधिक, डावीकडे उणे. यात उणे एकचं वर्गमूळ दाखवा, म्हणाले. जंगलपट्टीतून पायी येणारी एक मुलगी उठली.

“मास्तर, ते सडकेवर नसन. आमचं गाव तरी कुठी सडकेवर आहे?”

मास्तर खडू ठेवून व्हरांड्यात आले. काटकोनात डावीकडे वळले, पुन्हा एकदा वळले. भोवळ आली की काय म्हणून मी शेजारच्या वर्गातून धावलो.

“पाहा भाऊ, उणे म्हणजे पाठमोरं होणं. मी दोनदा वळून पाठमोरा झालो. मंग एकदाच वळलो त? तेच उणे एकचं वर्गमूळ!”

मला कळलं नाही, मुलांना कळलं. मग त्या उणे सोळावाल्या समीकरणाचं उत्तर दाखवायला मास्तर खांबाला शून्य धरून व्हरांड्याच्या कडेनं चार पावलं गेले, डावीकडे वळून पायरी उतरले आणि अंगणात दोन पावलांवर थांबले. दुसरं उत्तर तितकंच उजवीकडे, वर्गाच्या आत. तिथं त्यांनी त्या मुलीला उभं केलं होतं.

“इथी आहे ना मी?” त्यांनी उन्हातून विचारलं.

“हाव, मास्तर.”

घंटा झाली तरी ते सावलीत आले नाहीत. उन्हाळ्यात ते गावी गेले, आणि काही वर्षांनी ते वारल्याचं कळलं. मला मात्र ते अजून तसेच दिसतात, डोक्यावर टोपी नाही, रेघेच्या बाहेर उभे, तोंडभर हसणारे.