माझ्या वाटणीचं झऱ्याचं पाणी

बाबांच्या युनियनच्या पत्रकांवर मी वाचायला शिकले. तीर्थ-प्रसादाला नाही म्हणणं त्यामुळे लवकर अंगात भिनलं, आणि ठाण्याजवळच्या दिव्यातल्या आमच्या इमारतीत मला त्याचा अभिमानही होता.

समोरच्या काकू मुलाकडे चीनला महिनाभर राहून आल्या. तिथल्या एका जुन्या झऱ्याचं पाणी त्यांनी बाटलीत भरून आणलं होतं. चहासाठी ते पाणी न्यायला लोक शेकडो वर्षं येतात म्हणे. जिन्यात उभ्या राहून त्या प्रत्येकाच्या तळहातावर पळीभर देत होत्या.

"पेला भरला ना, की काठाच्या वर फुगतं, पण सांडत नाही."

माझ्यापुढे पळी आली तेव्हा मी हात मागे घेतला. "मी तीर्थ घेत नाही, काकू. आणि आपल्याकडे पेला काठापर्यंत तरी कुठे भरतो?"

सगळा जिना हसला.

"अगं, तीर्थ कसलं, पाणी आहे. बाटली एक आणि घरं एवढी, म्हणून पळी. तिथं म्हाताऱ्या कॅन घेऊन रांगेत उभ्या होत्या. मला आपलीच आठवण आली."

हे मी ऐकलं होतं. तरी डोक्यात राहिला तो हशा. दोन दिवसांनी पाण्याच्या मोर्चाचं पत्रक लिहिलं, त्यात एक ओळ टाकली: 'नळ कोरडे, आणि आमचे शेजारी चीनचं तीर्थ वाटतात.' नाव घातलं नव्हतं. इमारतीत कोणाला त्याची गरज नव्हती.

दर मोर्चाला रिकामा हंडा घेऊन सर्वांत पुढे काकू असायच्या. या वेळी त्या आल्या नाहीत. त्यांच्या मागून येणाऱ्या बायकाही आल्या नाहीत. वॉर्ड ऑफिससमोर आम्ही सहा जणी होतो.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. टेबलावर माझं पत्रक होतं, वर चष्मा ठेवलेला. त्यांनी नेहमीसारखं आधी पाणी दिलं. टँकरचं.

"काकू, चुकलं माझं."

"लिहितेस छान तू. मी दोनदा वाचलं."

मी पेला उचलला.

"तू घेतलं नाहीस, म्हणून तुझं वाटीत झाकून ठेवलेलं. म्हटलं, येईल." त्यांनी पत्रकाची घडी घातली. "पत्रक आलं त्या दिवशी कढीपत्त्याला घातलं."

मी पेला संपवला, विसळून पालथा ठेवला. मोर्चाला परत याल का, हे विचारायचं धाडस झालं नाही.