आईचा क्लास आणि माझं पत्रक

आमच्या घरात कुठलाही छापील कागद लाल पेनाशिवाय वाचला जात नाही. बाबा छापखान्यात मशीनवर होते. मोर्चाचं, सभेचं, संपाचं पत्रक आधी आमच्या ताटांशेजारी यायचं, मग गावात जायचं. 'निबंध' हा शब्द शाळेत शिकायच्या आधी मला 'निषेध' लिहिता येत होता. चूक दिसली की खूण करायची, समासात दुरुस्ती लिहायची, हा घरातला नियम. तो लग्नपत्रिकांनाही लागू होता, आणि त्यावरून आमचे दोन नातेवाईक दुरावले आहेत.

त्यामुळे डॉक्टरबाईंनी आईला नाचाचा क्लास लावायला सांगितला, तेव्हा मी वर्तमानपत्रातून पडलेल्या जाहिराती गोळा केल्या आणि लाल पेन उघडलं.

आईची साखर तीन वर्षं काही केल्या उतरत नव्हती. ती सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसते. दिवसभर खुर्ची. चालायला जा म्हटलं की कारण तयार असायचं: आज नळाला पाणी येणार, आज ऊन लई हाय, त्या कोपऱ्यावर कुत्री हायत. तिच्या थोरल्या बहिणीच्या पायाचा अंगठा साखरेनं गेला. मावशीला बघून आल्यावर दोन दिवस आई स्वतःच्या पायांकडे बघत होती, पण चालायला काही गेली नाही. डॉक्टरबाई वैतागल्या होत्या.

"गोळ्या वाढवून मी थकले. आता एक तर इन्सुलिन सुरू करू, नाहीतर तुम्ही रोज घाम गाळा. चालणं आवडत नाही ना? मग नाचाचा क्लास लावा. तीन महिने देते."

"ह्या वयात नाचू व्हय?" आई लाजून हसली. पण जुळे सोलापूरला आमच्या घराकडे परत येताना स्कूटीवर मागे बसून तिनं मला दोनदा विचारलं, "क्लासला साडी चालत असंल का गं?"

जाहिराती तीन होत्या. पहिली आमच्याच भागातल्या झुंबाच्या क्लासची. 'जाडेपणाला करा कायमचा रामराम', आणि शेजारी एकाच बाईचे दोन फोटो, एक रडका, एक हसरा. मी समासात लिहिलं, 'शरीराची लाज विकू नका.' दुसरी बागेत चालणाऱ्या ध्याननृत्याची. शुद्धलेखन चोख. तिसरी पिवळ्या कागदावर, शाई पसरलेली: 'हल्गी डान्स फिटणेस, फक्त महीलांसाठी, शुक्रवार पेठ.' बाबांनी ती चष्मा वर करून पाहिली आणि म्हणाले, "एवढं लाल पेन आपल्या घरात नाही."

मी हसले नाही. हलगी हा शब्द आमच्या घरात हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आईचे वडील मोडनिंबजवळच्या एका वाडीत हलगी वाजवायचे. वाजवायचे म्हणजे वाजवावी लागायची. कुणाचंही लग्न असो, निरोप आला की जायचं, वरातीपुढे वाजवायचं, नाचायचं आणि उष्टं घेऊन घरी यायचं. एके वर्षी वस्तीनं ठरवलं, आता नाही. आजोबांनी हलगी विहिरीत टाकली. पुढे वर्षभर त्यांना वाडीत कुणी कामाला बोलावलं नाही. सतराव्या वर्षी मी जे पहिलं पत्रक लिहिलं, ते याच गोष्टीवर होतं. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेपुढे नाचणाऱ्यांच्या विरोधात. मथळा होता, 'आजोबांनी हलगी विहिरीत टाकली, तुम्ही नाचता?' बाबांनी पाचशे प्रती छापल्या आणि मी त्या भर उन्हात वाटल्या.

म्हणून पिवळा कागद मी बाजूला ठेवला आणि आईला आधी झुंबाला नेलं. सगळ्याच क्लासांत पहिला दिवस फुकट होता.

व्यायामशाळेच्या वरच्या मजल्यावर, चारी भिंतींना आरसे. शिकवणारी मुलगी माझ्याहून लहान, कानाला माइक. "आन्टी, स्माइल! आन्टी, लेफ्ट!" आई माझ्या पंजाबी ड्रेसात एकदा इकडे, एकदा तिकडे. क्लास संपल्यावर मी त्या मुलीला जाहिरातीबद्दल सुनावलं. ती घाम पुसत म्हणाली, "ताई, जाहिरात मालकांनी छापली. मला तर आन्टींसारख्याच बायका आवडतात. त्या सुट्टी घेत नाहीत."

जिन्यात आई म्हणाली, "उजवा पाय म्हनंपर्यंत ती डावीकडं पोचलेली असती. आन आरशात चार-चार मी. एकीलाबी जमंना."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाग. इथे मला सगळं पटलं. आरसा नाही, वजनाचा काटा नाही, गाण्यांना शब्दच नाहीत, नुसती बासरी. शिकवणारे काका हळू आवाजात सांगत होते, "आपण झाड आहोत. वारा येतोय. पानं हलू द्या." आईनं अर्धा तास पानं हलवली.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"झाड झाले की. घाम काय आला न्हाय."

"पण शांत होतं ना?"

"शांत तर आमच्या आफिसातबी असतंय."

तरी मी ठरवून टाकलं, बागेतलाच क्लास. आई म्हणाली, "तू म्हनशील तसं." आणि मग तिनं फ्रिजवरच्या कापडाखालून तो पिवळा कागद काढला. "हितंबी एक दिवस फुकट हाय की. नुसतं बघून यिऊ."

शुक्रवार पेठेतल्या एका बोळात, मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये, संध्याकाळी सहाला तो क्लास भरायचा. तीसेक बायका. कुणी तेलुगूत बोलतंय, कुणी दखनीत, आणि सगळ्यांचं मिळून मराठीत भांडण चाललंय की पंखा कुणाच्या डोक्यावर. शिकवायला निवृत्त पीटीच्या बाई, साठीच्या, साडी आणि पायात पांढरे बूट. अक्कलकोटकडच्या. समजवायच्या मराठीत, रागवायच्या कानडीत. "बेगा, बेगा! लवकर पाय उचला! एवढं हळू नाचायला काय पैठणी फाटतीय का?"

स्पीकरवर हलगी सुरू झाली.

आईनं पदर कमरेला खोचला. ती बाईंकडे बघत नव्हती. बाई पाऊल दाखवायच्या आधी आईचं पाऊल पडत होतं. मान ताठ, खांदे सैल, टाच अशी जमिनीवर यायची की शेजारची बाई आपलं नाचणं सोडून तिच्या पायांकडे बघायला लागली. माझी आई, आवक-जावकच्या टेबलावरची, गुडघे धरून जिना उतरणारी. मी तिला असं कधीच पाहिलं नव्हतं. आणि ते बघून मला आनंद व्हायला हवा होता, तर मला फक्त विहीर दिसत होती.

मी सरळ पुढे गेले. "बाई, हे वाद्य कुणाला, का वाजवावं लागायचं, माहीत आहे का तुम्हाला? माणसांनी उपाशी राहून हे सोडलंय. तुम्ही त्याचा फिटनेस करून विकताय."

बाई नाचता नाचताच म्हणाल्या, "माहिती आहे की. वस्तीतल्या माझ्या मैत्रिणीनंच मला शिकवलं. ती ती, निळ्या साडीतली, पहिल्या ओळीत. तिच्याशी भांड. पण मध्ये उभी राहू नको, बायकांची लय जाते."

सगळ्या हसल्या. मला ते सहन झालं नाही. मी आईचा हात धरला आणि बाहेर आणलं. चप्पल आईनं जिन्यात घातली.

बागेतला क्लास सुरू झाला. आई चार दिवस गेली. पाचव्या दिवशी पाणी आलं. मग डोकं दुखायला लागलं, मग कचेरीत काम निघालं. तीन महिन्यांतला एक महिना गेला आणि तपासणीत साखर होती तिथंच. मी रागावले. "मावशीचा अंगठा विसरलीस का? तुझ्यासाठी एवढं शोधून काढलं मी." आई भाकरी थापत राहिली.

रविवारी दुपारी बाबांनी मला बोलावलं. आपण छापलेल्या प्रत्येक पत्रकाची एक प्रत ते ठेवतात. त्यांनी माझं ते पहिलं पत्रक पुढे ठेवलं. "हे बघ. तुझ्या आईनं तपासलेलं आहे. मलाही परवाच सापडलं."

कागद पिवळा पडला होता. मी लिहिलं होतं, 'त्या दिवशी आजोबांनी नाचणं सोडलं.' त्या वाक्याखाली लाल रेघ होती, आणि समासात आईच्या आवक-जावकच्या नीटस अक्षरात दोन शब्द: 'दुसऱ्याच्या वरातीपुढे'.

मी कागद घेऊन स्वयंपाकघरात गेले. आई शेंगा फोडत बसली होती. तिनं एकदा कागदाकडे पाहिलं.

"हे मला का नाही दाखवलंस?"

"छापल्यावर वाचलं मी. पाचशे कागद वाटून झालते. आन तू लई खूश होतीस."

"म्हणजे आजोबा नंतर नाचायचे?"

"मी म्याट्रिक पास झाले तवा तुझं आजोबा पत्र्याचा डबा वाजवून अंगणात नाचले की! मला बी वढलं. समदी वस्ती नाचली. म्हनले, आता आपल्या खुशीनं नाचायचं, हुकमानं न्हाय." तिनं शेंग फोडली. "त्येनीच शिकवलं मला."

मग मला आठवलं. लहानपणी जयंतीला मी बाबांच्या खांद्यावर बसून पत्रकं उडवायचे, आणि पुढे पांढऱ्या साड्यांतल्या बायकांचा घोळका असायचा. त्या घोळक्यातून आईचा आवाज यायचा. कधीतरी तो बंद झाला होता, आणि मी त्याची दखलही घेतली नव्हती.

"मिरवणुकीत नाचणं तू माझ्या पत्रकामुळं थांबवलंस?"

"मग काय करू? तुझं पत्रक बायकांच्या हातात, आन मी म्होरं नाचू? लेकीला खोटं पाडू?" ती हसली, आणि सालांचा एक पसा माझ्या ओंजळीत दिला. "टाक जा ती. आन रडू नगं. तुझं बरोबरच हुतं. दोन शब्द कमी पडले निसते."

सोमवारी सहाला मी आईला शुक्रवार पेठेत घेऊन गेले. पीटीच्या बाईंनी मला दारातच अडवलं.

"आज भांडायचंय का नाचायचंय?"

"माझी चूक झाली, बाई."

"मग ती पायानं दुरुस्त कर. शेवटच्या ओळीत उभी राहा. आणि तुझ्या आईला पुढं पाठव."

निळ्या साडीतल्या बाईंनी सरकून आईला जागा दिली. मला नाचता येत नाही. घोषणा देताना हात वर करायची सवय असल्यामुळे माझे हात बरोबर जातात, पाय मागे राहतात. पहिल्या ओळीतून आईनं वळून पाहिलं आणि भर क्लासात ओरडली, "अगं, मूठ सोड! मोर्चा न्हाय हा!"

आई आता पाणी येण्याच्या दिवशीही जाते. बाबांना घागरी भरायला लावून जाते. डॉक्टरबाईंनी परवा तिचा कागद पाहिला आणि इन्सुलिनचं नाव न काढता पुढची तारीख दिली. मावशीलाही खुर्चीत बसून नुसते हात हलवायला आणायचं, असं आईच्या मनात आहे.

डीजेच्या भिंतींना माझा विरोध आजही आहे, आणि जाहिरातीतल्या त्या रडक्या-हसऱ्या फोटोंनाही. पण चूक छापून गेली असेल तर शुद्धिपत्र काढायचं, हाही आमच्याच घरचा नियम. या जयंतीसाठी मी ते लिहिलं. तळहाताएवढा कागद: 'आमच्या जुन्या पत्रकातील "आजोबांनी नाचणं सोडलं" हे वाक्य "आजोबांनी दुसऱ्याच्या वरातीपुढे नाचणं सोडलं" असे वाचावे. चुकीबद्दल दिलगीर आहे.' बाबा छपाईला निघाले होते. मी म्हटलं, थांबा, आधी आई तपासेल.

आईनं चष्मा लावला, लाल पेन घेतलं, दोनदा वाचलं. चूक सापडली नाही. तरी पेन खाली ठेवायच्या आधी तिनं तळाशी एक ओळ घातली: 'फक्त महिलांसाठी. शुक्रवार पेठ, संध्याकाळी सहा. साडी चालते.'