पाणी न पाजलेला स्लॅब

भारत गांगुर्डे कुणाच्याही घरी गेला तरी दारातच बसतो. नाशिकच्या ठेकेदार मित्रांनी त्यावरून त्याचं नाव 'वॉचमन' ठेवलंय. तो हसतो. पण टेकण्याआधी त्याची नजर एकदा छताकडे जातेच.

हे सुरू झालं हरसूलजवळच्या एका पाड्यावर शाळेची खोली बांधल्यापासून. सरकारी कामाचा नियम साधा: सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला काम. दर म्हणजे शेवटी अंदाजच, आणि ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त चुकतो तोच जिंकतो. टेंडर उघडलं तेव्हा भारतने पेढे वाटले होते. आपण चुकलो हे त्याला भर उन्हाळ्यात कळलं. स्लॅब ओतून झाला होता. तो पक्का व्हावा म्हणून त्यावर मातीची आळी करून काही दिवस पाणी साठवून ठेवायचं, तर विहीर आटलेली आणि टँकर त्या दरात बसेना. त्याने थोडी गोणपाटं भिजवली आणि सोडून दिलं.

खालून जाणारी म्हातारी पुतळाबाई हंडा सावरत थांबली. "ठेकेदार, याला पाणी नाय पाजलं? तहानलेला ठेवशील तर लेकरांवर राग काढील."

"मावशी, तो काय बैल आहे?"

मजूर हसले. तोही हसला.

तेव्हापासून त्याला छतं ऐकू येतात. जेवताना, बँकेच्या रांगेत. वरून कुणीतरी कोरडा घोट गिळल्यासारखा आवाज.

"पुन्हा तांब्या भिंतीवर ओतलात?" बायको, सविता, विचारते. "घर जुनं आहे हो आपलं. त्याला नाही लागत पाणी."

शाळा उघडली तेव्हा गुरुजींनी त्याला सत्काराला बोलावलं. मुलं नव्या खोलीत बसली होती. भारत दारातच थांबला.

"या की आत, ठेकेदारसाहेब!"

पहिल्या रांगेत पुतळाबाईची नात सृष्टी बाटली तोंडाला लावून पाणी पीत होती. तिने घोट घेतला आणि वरून तोच आवाज आला.

"पोरांना बाहेर काढा," भारत म्हणाला. "स्लॅब कच्चा आहे. मीच ठेवलाय."

"अहो, पाहुणे येतायत!"

"येऊ द्या. त्यांच्यासमोर सांगतो. तपासून घ्या, पाडायचा निघाला तर मीच पाडतो."

मुलं सुट्टी समजून ओरडत पळाली. सत्काराला आलेली पुतळाबाई पुढे झाली. तिने नातीच्या हातातली बाटली घेऊन त्याच्यापुढे धरली.

बाटली घेऊन भारत पहिल्यांदाच आत गेला आणि रिकाम्या खोलीत, छताखाली बसला. त्याने कान दिला. वर काहीच आवाज नव्हता. तहानलेला निदान घोट तरी गिळतो; या गप्प छताचीच त्याला जास्त भीती वाटली.