शुक्रवारचा उपास

बायको लकव्यानं पडली, वाचा गेली, तरी या माणसानं दर शुक्रवारी उपास धरून प्रभूची वाट पाहिली, अशी माझी साक्ष सांगितली जाते. ती रेणापूरच्या चर्चच्या मंडळीपर्यंतही पोचली आहे. म्हणून खरं काय ते लिहून ठेवतो.

लातूरच्या आमच्या लहानशा मंडळीत कुणी आजारी असलं की शुक्रवारी सगळे उपाशी राहतात आणि संध्याकाळी त्या घरी प्रार्थनेला जमतात. चहासुद्धा प्रार्थनेनंतरच. पहिले दोन-तीन महिने मीही मनापासून उपास धरला. ही तशीच पडून. उजवं अंग हलेना, शब्द फुटेना. हळूहळू माझी प्रार्थना बंद पडली. नुसते ओठ हलवायचो.

हिचं औषध नांदेडच्या डॉक्टरांकडून आणावं लागे. कुठल्याही दिवशी जाता आलं असतं. शुक्रवार मी निवडला. एसटी अहमदपूरला थांबली की उतरून कांदाभजी खायचो, पोटभर. संध्याकाळी घरी सतरंजीवर मंडळी सुकलेल्या तोंडानं हिच्यासाठी रडायची. त्यात साखरेचा आजार असलेली एक म्हातारीही होती. मी त्यांच्यातच गुडघे टेकायचो.

पुढं हिची वाचा परतली, हात मात्र नाही. चर्चमधल्या उपकारस्तुतीला मी उभा राहून साक्ष दिली, उपासासकट. तेव्हापासून एकच टोचत राहिलं: माझ्यामुळंच तर हिचा हात बरा व्हायचा राहिला नाही ना?

गेल्या महिन्यात चर्चच्या नव्या पाळकांनी तीच साक्ष तरुणांना सांगितली. घरी येऊन मी हिला सगळं बोललो. ही डाव्या हातानं शेंगा फोडत होती.

“म्हाईत हाय मला. वास यायचा की भज्याचा.”

“मग बोलली का न्हाईस?”

“वाचा होती व्हय मला?” ती हसली. “अन् वाचा आली न् लगीच तुमची साक्ष झाली. भरल्या चर्चात नवऱ्याला कुठं खोटं पाडू?”

“अन् हात? माझ्यामुळं…”

“देव काय तुमच्या भज्यापायी माझा हात अडवून बसलाय? वाट बघायची, बघू अजून. पण त्या म्हातारीला सांगा. ती उपाशी होती माझ्यासाठी.”

रविवारी मी उभा राहिलो आणि सांगितलं. बाहेर पायरीवर म्हातारीनं गाठलं.

“मला चक्कर यायची रे भावा, अन् तू भजी?”

“या शुक्रवारी माझ्या घरी हाय प्रार्थना, माझ्या डोळ्यांसाठी. सकाळपासूनच येऊन बस माझ्यापुढं. बघते कसा खातोस.”

गेलो. दिवसभर तिच्या ओसरीवर बसून राहिलो. दुपारी माझी नजर चुलीकडं वळली, तेव्हा तिनं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. संध्याकाळी मंडळी जमली. पाळक प्रार्थनेला उठत होते, म्हातारीनं त्यांना बसवलं आणि मला म्हणाली, “तू कर.”

मी गुडघे टेकले; आता नुसते ओठ हलवून भागणार नव्हतं. सगळे डोळे मिटून थांबून राहिले.