नूरीला सुधारणारे

शनिवार, दुपारचे चार. मंडईजवळ आमच्या साप्ताहिकाचं कार्यालय, संपादकांची खोली. कुमारांसाठीच्या नव्या कादंबरीचं पहिलं प्रकरण वाचलं जात होतं. पुढे वर्षभर ती क्रमशः छापली आणि नूरीचे इतके किस्से साठले की माझ्या राजकीय बातम्या कोणी विचारत नाही!

नूरी ही कादंबरीच्या लेखिका शमीमताईंची नायिका. पंधरा वर्षांची, जाड भिंगांचा चष्मा. मार्केट यार्डात वडिलांबरोबर ट्रक दुरुस्त करते. ताईंची एकच अट होती: नूरी बरोबर असेल तेव्हा ती कोणाची माफी मागणार नाही. ही अट मोडली तर लेखन बंद.

संपादकांनी मान्य केलं. मग विचारलं, "पण दिसायला कशी आहे?"

"ट्रकखाली असते. पाय दिसतात."

*

आमच्या चित्रकाराने पहिल्या चित्रात चष्माच काढून टाकला. वर हातात गुलाब दिला. मी भांडलो, तर म्हणे मुलगी जरा बरी दिसायला नको का!

ताईंनी उत्तर लिहूनच दिलं. पुढच्या भागात चष्म्याशिवाय नूरीला नीट दिसलं नाही आणि तिने ट्रक मागे घेताना एका चित्रकाराची स्कूटर चेपली.

त्यानंतर चष्मा कधी विसरला गेला नाही.

*

मुद्रितशोधक जोशीकाका शुद्धलेखनाबरोबर पात्रांचं वर्तनही तपासत. 'नूरी ओरडली' याचं त्यांनी 'नूरी हळूच म्हणाली' केलं. ताईंनी कारण विचारलं.

"अहो, घराघरांत मुली वाचतात हे."

"म्हणूनच ओरडते काका. मागच्या खोलीत ऐकू गेलं पाहिजे."

काकांनी ओरडणं परत घातलं. पुढे तर एका भागात ती गप्प राहिली म्हणून तेच ताईंना जाब विचारायला गेले.

*

खराडीत तेव्हा शेती होती. तिथले एक शेतकरी लेकीला घेऊन थेट कार्यालयात आले. मला वाटलं, आता तक्रार.

"पोरीनं तुमचं वाचून ट्रॅक्टर खोललाय," ते म्हणाले. "आता जोडायचा कसा, त्ये बी लिहा की."

पुढचा भाग ट्रॅक्टरवर होता.

*

शेवटच्या भागात नूरी ब्रेक निकामी असलेला ट्रक अडवते. मालक चारचौघांत माफी मागायला सांगतो. ताईंचं शेवटचं वाक्य होतं: 'नूरीने पाना पुसला आणि ती पुढच्या ट्रकखाली शिरली.'

छापून आलं: 'नूरीने मालकाचे पाय धरून माफी मागितली.'

मी अंक घेऊन संपादकांच्या खोलीत गेलो. ते म्हणाले, छपाईत चुका होतात.

"छपाईत अक्षर पडतं साहेब. पाय कोणी धरत नाही."

ताईंनी आमच्याकडे पुन्हा लिहिलं नाही. पुस्तक काढलं तेव्हा आपलं वाक्य जागच्या जागी घातलं, आणि मुलींना आज तेच पाठ आहे. झकास झालं. पण माझा प्रश्न तसाच आहे.

शेवटचं प्रूफ मी स्वतः वाचून खाली पाठवलं होतं. त्यावर ताईंचंच वाक्य होतं. कार्यालय वर, छापखाना खाली, मध्ये एक जिना. त्या जिन्यात नूरीला पाय धरायला कोणी लावले, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.